चार स्टिक लावल्यावर ३२ ऐवजी २४ जीबी रॅम दिसते, आणि संगणकही स्थिर राहत नाही

धागाकर्ता

नमस्कार. माझ्या डेस्कटॉप संगणकात इंटेलचा दहाव्या पिढीचा आय-७ प्रोसेसर असून मदरबोर्डवर डीडीआर४ रॅमचे चार स्लॉट आहेत. आजवर ए२ आणि बी२ या स्लॉटमध्ये ८ जीबीच्या दोन स्टिक एक्सएमपी प्रोफाइल (रॅम वाढीव छापील वेगाने चालवण्याची सोय) चालू ठेवून ३२०० या वेगाने विनातक्रार चालत होत्या. व्हिडिओ संपादनाचे काम वाढल्यामुळे त्याच कंपनीच्या आणि त्याच वेगाच्या आणखी दोन स्टिक वेगळ्या घेतल्या व त्या ए१ आणि बी१ मध्ये बसवल्या. कॅबिनेट उघडलेलेच होते, म्हणून प्रोसेसरवरचा मूळ कूलर काढून त्या जागी मोठा कूलरही बसवला.

तेव्हापासून दोन अडचणी सुरू झाल्या आहेत. एक म्हणजे, एकूण रॅम ३२ जीबी दिसायला हवी, ती २४ जीबीच दिसते. दुसरी अडचण अधिक त्रासदायक आहे. विंडोज सुरू होते, पण मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश येतो आणि तीच फाइल पुन्हा उघडली की कधीकधी व्यवस्थित उघडते. अधूनमधून निळा पडदा येऊन संगणक पुन्हा सुरू होतो. पडद्यावरचे कारण दर वेळी निराळे असते. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, तर कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’. नव्या दोन स्टिकपैकी एक सदोष असावी असे मला वाटते, पण ती परत पाठवण्यापूर्वी खात्री कशी करून घ्यावी याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे.

प्रतिसाद १

आपण दोन्ही अडचणी एकत्र मांडल्या आहेत, मात्र त्यांचा तपास वेगवेगळा करावा असे मी सुचवेन. रॅम न दिसणे हा एक दोष आहे आणि दिसणारी रॅम चुकीची माहिती परत देणे हा दुसरा. दोहोंचे मूळ एकच असू शकते, पण तसे आधीच गृहीत धरले तर तपास भरकटतो.

आधी २४ जीबी हा आकडा कुठे दिसतो ते नेमके सांगा. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना मदरबोर्डवर चालणाऱ्या मूळ प्रणालीत) ३२ जीबी आणि विंडोजमध्ये २४ जीबी असेल, तर स्टिक आणि स्लॉट यांना हात लावण्याचे कारणच नाही. अशा वेळी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ या शीर्षकाखाली किती रॅम राखून ठेवली आहे ते पाहावे, आणि एमएसकॉन्फिग या विंडोजच्या साधनातील बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्झिमम मेमरी’ या चौकटीवर खूण असल्यास ती काढावी. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सही रॅमचा काही भाग स्वतःकडे घेते. विंडोजची आवृत्ती ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पलीकडचे काहीही वापरता येत नाही. विंडोज ७ च्या होम प्रीमियम आवृत्तीला तर ६४ बिटमध्येही १६ जीबीचीच मर्यादा होती. विंडोज १० होम १२८ जीबीपर्यंत जाते, त्यामुळे आपल्या बाबतीत ही शक्यता राहत नाही.

बायोसमध्येच २४ जीबी दिसत असेल, तर त्याच पडद्यावर प्रत्येक स्लॉटपुढे काय लिहिले आहे ते वाचून इथे लिहा. स्लॉट ‘रिकामा’ दिसतो की त्यापुढे स्टिकचे नाव येते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

धागाकर्ता

बायोसमध्येच २४ जीबी आहे. ए२, बी१ आणि बी२ या तिन्हींपुढे ८ जीबी आणि वेग दिसतो. ए१ पुढे कंपनीचे नाव आणि क्षमता दोन्ही दिसतात, पण ती स्टिक एकूण बेरजेत धरलेली नाही. हे माझ्या लक्षात आले होते, पण त्याचा अर्थ लागला नाही.

प्रतिसाद २

हीच या धाग्यातील सर्वांत उपयुक्त माहिती आहे. रॅमच्या प्रत्येक स्टिकवर मुख्य चिपांशिवाय एक लहानशी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. स्टिकची क्षमता, वेग, टायमिंग (प्रतिसादाला लागणारा वेळ) आणि एक्सएमपीचे प्रोफाइल तिच्यात नोंदवलेले असते, आणि मदरबोर्ड ही नोंद दोन मंद वाहिन्यांवरून वाचतो. प्रत्यक्ष माहितीची देवाणघेवाण मात्र याहून कितीतरी वेगवान अशा वेगळ्या वाहिन्यांवरून होते. संगणक सुरू होताना बायोस आधी एसपीडी वाचतो आणि नंतर त्या वेगवान वाहिन्यांची जुळणी करून पाहतो, ज्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ही जुळणी जमली नाही, तर बरेच मदरबोर्ड ती स्टिक बाजूला ठेवून उरलेल्या रॅमवर संगणक सुरू करतात. म्हणून नाव दिसते पण क्षमता मोजली जात नाही.

स्लॉट पूर्ण ‘रिकामा’ दिसला असता तर स्टिक नीट न बसणे, एसपीडी बिघडणे किंवा स्लॉटच मेलेला असणे अशा शक्यता पुढे आल्या असत्या. आपल्याकडे स्टिकची ओळख पटते आहे, पण तिच्याशी काम करणे जमत नाही. त्यामुळे संपर्क, स्लॉट आणि प्रोसेसर यांच्यामधल्या मार्गात कुठेतरी खंड आहे, किंवा ती स्टिकच सदोष आहे. स्टिकची अदलाबदल केली की हे दोन पर्याय वेगळे होतील.

प्रतिसाद ३

अदलाबदलीपूर्वी स्टिकची सोनेरी टोके खोडरबरने घासून पुसावीत. मी नेहमी हेच करतो आणि बहुतेक वेळा त्यानेच काम होते.

प्रतिसाद २ देणारे सदस्य

खोडरबराबद्दल माझे मत निराळे आहे. ही टोके सोन्याचा अतिशय पातळ थर दिलेल्या तांब्याची असतात. खोडरबर हा सौम्य असला तरी घासणारा पदार्थ आहे; त्याने थर झिजतो, घासताना स्थिर वीज तयार होऊ शकते, आणि रबराचे बारीक कण स्लॉटमध्ये जाऊन पडले तर आधी नसलेला दोष निर्माण होतो. खोडरबराने काम झाल्याचे अनेकांचे अनुभव खरे आहेत, पण त्यातले पुष्कळसे यश स्टिक काढून पुन्हा दाबून बसवण्याचे असते, कारण स्लॉटमधल्या पिना टोकांवर घासल्या जाऊन संपर्क आपोआप स्वच्छ होतो.

टोके खरोखरच मळकट दिसत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे कापड वापरावे, आणि पूर्ण वाळल्यावरच स्टिक बसवावी. स्लॉटच्या आत कापड, ब्रश किंवा टोकदार वस्तू घालू नये. तिथे हवेचा हलका झोत पुरतो.

प्रतिसाद १ देणारे सदस्य

आता अदलाबदलीची पद्धत सविस्तर लिहितो, कारण घाईत केलेल्या अदलाबदलीतून निघणारे निष्कर्ष बहुधा फसवे असतात.

संगणक बंद करून वीजजोडणीची तार काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) साठलेली वीज निघून जाते. काम करताना कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला अधूनमधून हात लावावा. सुरुवातीलाच बायोसमधून एक्सएमपी बंद करावे, किंवा सीमॉस (बायोसच्या सेटिंगची साठवण) पुसून सर्व काही मूळ स्थितीत आणावे. एक्सएमपी हे इंटेलने २००७ साली आणलेले प्रोफाइल आहे, आणि ते चालू करणे म्हणजे रॅमला तिच्या मानक वेगाच्या पलीकडे चालवणे होय. तपास करताना हा जास्तीचा भार नको.

एक स्टिक घेऊन ती ए२ मध्ये बसवावी. बहुतेक चार स्लॉटच्या मदरबोर्डवर प्रोसेसरपासून मोजल्यास हा दुसरा स्लॉट असतो आणि एकच स्टिक असेल तर कंपन्या हाच स्लॉट सुचवतात. तरीही आपल्या मदरबोर्डची पुस्तिका पाहणे चांगले. स्टिकची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. काही मदरबोर्डवर स्लॉटच्या एकाच बाजूला क्लिप असते, तेव्हा क्लिप नसलेली बाजू अर्धवट राहून जाण्याची शक्यता अधिक असते. क्लिप लागल्याचा आवाज ऐकू आला म्हणून विश्वास न ठेवता स्टिकची वरची कड समपातळीत आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे.

चारही स्टिक याप्रमाणे एकेक करून ए२ मध्ये तपासाव्यात. त्यानंतर जी स्टिक निर्दोष ठरली असेल ती एकटीच क्रमाने इतर तिन्ही स्लॉटमध्ये फिरवावी. दर वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले व काय दिसले ते कागदावर लिहून ठेवावे. दोष स्टिकबरोबर स्लॉट बदलत असेल तर स्टिक सदोष आहे. दोष एकाच स्लॉटला चिकटून राहत असेल तर स्टिक परत पाठवून काहीही साधणार नाही. एकेकटे सर्व ठीक चालते आणि चारही एकत्र आल्यावरच दोष दिसतो, असे असेल तर बहुधा वेग, व्होल्टेज किंवा प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर (रॅमशी व्यवहार सांभाळणारा भाग) यांचा प्रश्न असतो. हे शेवटचे निदान पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि निर्दोष स्टिक पुन:पुन्हा बदलल्या जातात.

प्रतिसाद ४

धागाकर्त्यांनी कूलर बदलल्याचा उल्लेख ओझरता केला आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. पूर्वी मेमरी कंट्रोलर मदरबोर्डवरील वेगळ्या चिपमध्ये असे. एएमडीने तो २००३ साली अ‍ॅथलॉन ६४ मध्ये प्रोसेसरच्या आत आणला आणि इंटेलने २००८ मध्ये नेहेलेम मालिकेपासून तेच केले. त्यामुळे आजच्या संगणकात रॅमकडे जाणारी प्रत्येक वाहिनी प्रोसेसरच्या सॉकेटमधून जाते. दहाव्या पिढीच्या प्रोसेसरला एलजीए १२०० सॉकेट असतो. त्यात पिना सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसरच्या खालच्या बाजूला सपाट संपर्कबिंदू असतात. पिना बारीक आणि स्प्रिंगसारख्या असल्याने प्रोसेसर थोडासा तिरका दाबला गेला तर काही पिनांचा संपर्क सुटतो. मोठ्या कूलरचा एक कोपरा इतरांपेक्षा जास्त घट्ट झाला की रॅमचा एखादा स्लॉट किंवा पूर्ण चॅनेलच (स्लॉटना प्रोसेसरशी जोडणारा सामाईक मार्ग) नाहीसा होणे, हा अशा दाबाचा ओळखीचा परिणाम आहे.

इथे एक बारकावा आहे. ए१ आणि ए२ एकाच चॅनेलवर असतात आणि माहितीच्या वाहिन्या दोघांना सामाईक असतात. पण कोणत्या स्टिकशी व्यवहार करायचा हे ठरवणाऱ्या निवडीच्या आणि घड्याळाच्या वाहिन्या प्रत्येक स्लॉटसाठी स्वतंत्र असतात. आपला ए२ चालतो आणि ए१ चालत नाही, म्हणजे सामाईक वाहिन्या बहुधा शाबूत आहेत आणि दोष ए१ च्या स्वतंत्र वाहिन्यांपैकी एखादीत असू शकतो. दोन्ही स्लॉट गेले असते तर सामाईक वाहिन्यांचा किंवा खुद्द कंट्रोलरचा संशय अधिक आला असता. अर्थात, ए१ मधली स्टिकच खराब असेल तर हे सर्व अनुमान गळून पडेल, म्हणून वर सांगितलेली अदलाबदल आधी करावी.

प्रतिसाद ५

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विषय हाच आहे. नवीन डीडीआर५ मदरबोर्डवर पहिल्यांदा संगणक सुरू केला, पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच राहतो आणि रॅमचा दिवा पेटलेला दिसतो. रॅम सदोष आहे का?

प्रतिसाद २ देणारे सदस्य

लगेच तसे समजू नका. डीडीआर५ मध्ये जुळणीचे काम फार गुंतागुंतीचे झाले आहे आणि पहिल्या वेळी, किंवा सीमॉस पुसल्यानंतर, त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात. विशेषतः एएमडीच्या एएम५ मदरबोर्डवर हे पुष्कळदा दिसते. या काळात वीज बंद केली तर जुळणी पहिल्यापासून सुरू होते आणि मदरबोर्ड मेला असा समज आणखी दृढ होतो. रॅमचा दिवा पेटला आहे, म्हणजे त्या क्षणी रॅमची जुळणी चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. पुरेसा वेळ वाट पाहूनही काही झाले नाही, तर एकच स्टिक ठेवून पुन्हा सुरू करावे. स्टिक २४ किंवा ४८ जीबीच्या असतील तर मदरबोर्डचा बायोस त्यांना ओळखण्याइतका नवा आहे का, हेही पाहावे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाचेची जागा वेगळी असते, त्यामुळे एकाची स्टिक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. ती जोर लावून बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

प्रतिसाद ६

मूळ प्रश्नाकडे येतो. चार स्टिक अस्थिर असतील तर रॅमचे व्होल्टेज थोडे वाढवावे, असे माझे मत आहे. त्याने वेग कायम ठेवूनही स्थिरता येते.

प्रतिसाद १ देणारे सदस्य

व्होल्टेजने स्थिरता येऊ शकते हे खरे आहे, पण निदान होण्यापूर्वी व्होल्टेज वाढवणे मला योग्य वाटत नाही. डीडीआर४ चे मानक व्होल्टेज १.२ आहे आणि ३२०० च्या आसपासच्या एक्सएमपी प्रोफाइलमध्ये ते सहसा १.३५ पर्यंत नेलेले असते. शिवाय एक्सएमपी चालू केल्यावर अनेक मदरबोर्ड मेमरी कंट्रोलरशी संबंधित इतर व्होल्टेजही आपणहून वाढवतात, आणि कधीकधी गरजेपेक्षा बरीच जास्त वाढवतात. संपर्काचा दोष असेल तर व्होल्टेज वाढवून तो झाकला जाईल, दूर होणार नाही, आणि उन्हाळ्यात किंवा जास्त कामाच्या वेळी पुन्हा डोके वर काढेल.

धागाकर्त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दहाव्या पिढीच्या आय-७ साठी इंटेलने अधिकृतपणे दिलेला रॅमचा वेग २९३३ आहे. ३२०० हा स्टिकवर छापलेला वेग त्या स्टिकने स्वतः गाठायचा आहे. आपल्या प्रोसेसरचा कंट्रोलर तो चार स्टिकसह पेलेल अशी हमी कोणीही दिलेली नाही. दोन स्टिकसह पेलला म्हणून चारसह पेलेलच असे नाही, कारण प्रत्येक चॅनेलवरचा विद्युतभार वाढतो. डीडीआर५ मध्ये ही तफावत अधिक ठळक आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी दोन स्टिकचा अधिकृत वेग ५२०० आहे, तर चार स्टिकचा ३६००.

वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन जोड्या हाही एक मुद्दा आहे. एकाच पाकिटातल्या स्टिक एकत्र तपासून विकलेल्या असतात. त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या आणि त्याच वेगाच्या दुसऱ्या पाकिटातल्या स्टिकवर निराळ्या उत्पादकाच्या चिपा असू शकतात. त्या एकत्र चालतात का, हे तपासूनच कळते.

प्रतिसाद ७

तपासणी कशाने करावी हे अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. विंडोजमध्ये मेमरी डायग्नॉस्टिक नावाची सोय आहे, पण तिच्या निर्दोष निकालावर मी विसंबणार नाही. दोष सापडला तर तो मानावा, न सापडला तर रॅम चांगली आहे असे मानू नये. पेनड्राइव्हवरून सुरू होणारे मेमटेस्ट८६ किंवा मुक्तस्रोत असलेले मेमटेस्ट८६ प्लस वापरावे. दुसऱ्याची २०२२ मध्ये आलेली सहावी आवृत्ती यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असलेल्या मदरबोर्डवरही चालते. ही साधने विंडोजच्या बाहेर चालत असल्यामुळे जवळजवळ पूर्ण रॅम तपासू शकतात. एक फेरी निर्दोष गेली म्हणून थांबू नये. प्रत्येक स्टिकसाठी काही फेऱ्या आणि शेवटी चारही स्टिक लावून रात्रभराची तपासणी करावी. एकही दोष आला तरी तो दोषच आहे. थोडे दोष चालतात असे काही नसते.

निकाल वाचताना दोषांचे स्वरूप पाहावे. दर फेरीत त्याच पत्त्यावर (मेमरीतील ठिकाणी) तोच बिट चुकत असेल तर स्टिकवरच्या एखाद्या चिपेतला घटक गेलेला आहे. निरनिराळ्या पत्त्यांवर पण नेहमी एकच बिट चुकत असेल तर माहितीची एखादी वाहिनी किंवा संपर्क संशयास्पद ठरतो. पत्ते आणि बिट दोन्ही विखुरलेले असतील आणि वेग कमी करताच दोष नाहीसे होत असतील, तर स्टिक चांगल्या असूनही त्यांचा वेग झेपत नाही असे समजावे. मेमटेस्ट८६ मध्ये ‘हॅमर’ नावाची एक चाचणी आहे. मेमरीतील एका ओळीला फार वेगाने वारंवार हात लावला तर शेजारच्या ओळीतले बिट पालटू शकतात, हा परिणाम २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिला आणि ती चाचणी त्यावरच आधारलेली आहे. फक्त याच चाचणीत दोष येत असतील तर त्यांचे गांभीर्य इतर दोषांपेक्षा वेगळे मानावे.

तापमानाचाही विचार करावा. रॅममधील माहिती सतत ताजी करावी लागते. डीडीआर४ मध्ये ८५ अंश सेल्सिअसपर्यंत प्रत्येक घटक ६४ मिलिसेकंदांत एकदा ताजा होतो आणि त्यावरच्या तापमानाला ते दुप्पट वेळा करावे लागते. चार स्टिक एकमेकींना खेटून असतील आणि वर मोठा कूलर हवा अडवत असेल, तर रिकाम्या संगणकावर निर्दोष ठरलेली रॅम ग्राफिक्स कार्ड तापल्यावर चुकू लागते. म्हणून मेमटेस्टनंतर प्रत्यक्ष कामाच्या भाराखालीही पाहावे.

प्रतिसाद ८

या सर्व चर्चेत एक धोका मागे पडला आहे आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा आहे. संगणक बंद पडणे हे तुलनेने सौम्य लक्षण आहे. बंद न पडता चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाणे अधिक घातक असते, कारण ते महिनोन्महिने कळत नाही. झिप फाइलमध्ये पडताळणीचा आकडा असतो म्हणून ती ‘खराब आहे’ असे सांगते. छायाचित्र किंवा व्हिडिओत असा आकडा सहसा नसतो, त्यामुळे त्यातला चुकलेला बिट गुपचूप राहून जातो. संगणक अस्थिर असेपर्यंत विंडोज पुन्हा टाकू नये, बायोस अद्ययावत करू नये, डिस्कची दुरुस्ती करणारी साधने चालवू नयेत, आणि जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप तर अजिबात घेऊ नये.

रॅमचे दोष किती दुर्मीळ असतात याबद्दलचा आपला अंदाज बहुधा चुकीचा असतो. २००९ मध्ये बियांका श्रोडर आणि गूगलमधील संशोधकांनी त्या कंपनीच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षाकाठी ८ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये दोष आढळले होते, आणि त्यातले बरेचसे दोष योगायोगाने पालटलेल्या बिटांचे नव्हते, तर हार्डवेअरमधल्या कायमच्या बिघाडाचे होते. लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांच्या मुख्य संगणकात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये रॅमची स्टिक बिघडली, तेव्हा कर्नल (लिनक्सचा गाभा) तयार करताना कम्पायलर (मजकूररूपी प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) कुठेही आणि कसाही कोसळत होता. त्या संगणकात ईसीसी रॅम नव्हती. ईसीसीमध्ये प्रत्येक ६४ बिटांबरोबर जादा बिट ठेवून एक चुकलेला बिट दुरुस्त केला जातो आणि दोन चुकले तर ते निदान कळते. आपल्या सामान्य डेस्कटॉपमध्ये ही सोय नसल्यामुळे तपासणीचा भार आपल्यावर येतो. डीडीआर५ मध्ये ‘ऑन-डाय ईसीसी’ असते, पण ती चिपेच्या आतल्या चुकांपुरती असते. स्टिक आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर झालेली चूक तिला दुरुस्त करता येत नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली, तिचा निकाल देतो. एक्सएमपी बंद ठेवून चारही स्टिक एकेक करून ए२ मध्ये तपासल्या, चारही निर्दोष ठरल्या. त्यानंतर जुन्या स्टिकपैकी एक ए१ मध्ये एकटी लावली, तर संगणक सुरूच झाला नाही आणि रॅमचा दिवा पेटून राहिला. उरलेल्या तिन्ही स्टिकच्या बाबतीतही ए१ मध्ये तेच झाले. बी१ आणि बी२ मध्ये त्याच स्टिक व्यवस्थित चालल्या.

मग कूलर काढला. एका कोपऱ्यातला स्क्रू इतर तिघांपेक्षा स्पष्टपणे अधिक घट्ट होता, आणि थर्मल पेस्टही त्याच कोपऱ्यात पातळ दाबली गेली होती. प्रोसेसर उचलून सॉकेटमधल्या पिना प्रकाशात वेगवेगळ्या कोनांतून पाहिल्या. एकही वाकलेली दिसली नाही. प्रोसेसर पुन्हा बसवून, नवी पेस्ट लावून, चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने थोडेथोडे आवळले. आता ए१ चालतो आणि बायोसमध्ये ३२ जीबी दिसते.

मानक वेगाने चारही स्टिक लावून केलेल्या रात्रभराच्या तपासणीत एकही दोष आला नाही. एक्सएमपी चालू करून ३२०० वर मात्र दोष येतात, आणि पत्ते विखुरलेले आहेत. म्हणजे दुसरी अडचण काही अंशी शिल्लक आहे. पुढे काय करावे?

प्रतिसाद ४ देणारे सदस्य

ए१ चा प्रश्न सुटला याचा फार आनंद झाला. पिना तपासल्या हे उत्तम केले. वाकलेली पिन न पाहता प्रोसेसर तसाच पुन्हा दाबला असता तर ती कायमची मोडण्याचा धोका होता.

प्रतिसाद १ देणारे सदस्य

उरलेला दोष वेगाचा आहे, स्टिकचा नाही. एक्सएमपी चालू ठेवून फक्त वेग २९३३ करावा. टायमिंग आणि व्होल्टेज प्रोफाइलप्रमाणेच राहू द्यावे. हा आपल्या प्रोसेसरचा अधिकृत वेग आहे. त्यावर पुन्हा रात्रभराची तपासणी करावी. निर्दोष गेली तर तिथेच थांबावे. २९३३ आणि ३२०० यांतला फरक व्हिडिओ संपादनात बहुधा जाणवणार नाही, तर ३२ जीबी पूर्ण मिळाल्याचा फरक नक्की जाणवेल. ३२०० हवेच असेल तर चारऐवजी १६ जीबीच्या दोन स्टिकची एकच जोडी घेणे हा व्होल्टेजशी खेळण्यापेक्षा चांगला मार्ग आहे.

धागाकर्ता

२९३३ वर रात्रभराची तपासणी पूर्ण झाली. एकही दोष नाही. झिप फाइलही आता दर वेळी उघडते. अस्थिर काळात कॉपी केलेल्या व्हिडिओ फाइलींचे काय करावे, एवढेच विचारायचे राहिले आहे.

प्रतिसाद ८ देणारे सदस्य

मूळ प्रती कॅमेऱ्याच्या कार्डावर किंवा जुन्या बॅकअपमध्ये असतील तर त्या आणि संगणकावरच्या प्रती यांचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून ताडून पाहावेत. विंडोजमध्ये पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅश या आज्ञेने एसएचए-२५६ चेकसम मिळतो. आकडे जुळतील त्या फाइली ठेवाव्यात, न जुळणाऱ्या मूळ प्रतीवरून पुन्हा कॉपी कराव्यात. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींसाठी प्रशासकीय अधिकाराने एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवावे. रॅम स्थिर झाल्यामुळे आता ते सुरक्षित आहे. मूळ प्रत नसलेल्या व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात, आणि हे सर्व संपेपर्यंत कार्ड पुसू नये.